सॉफ्टवेअरची रचना आणि परिसंस्थेचे आरोग्य: बांध कुठे घालावा आणि कसा राखावा

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची ५७वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली सगळी ॲड-ऑन्स (ब्राउझरला जोडता येणाऱ्या जादा सोयी) तिच्यात चालेनाशी झाली. काही लेखकांनी आपली ॲड-ऑन्स नव्या पद्धतीने पुन्हा लिहिली, काहींना ती कमी सोयींसह लिहावी लागली, आणि काहींनी वर्षानुवर्षे विनामोबदला केलेले काम तिथेच सोडून दिले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने हा निर्णय ऑगस्ट २०१५ मध्येच जाहीर केला होता, पण तो घेण्याची वेळ का आली याचे उत्तर त्याहून बरेच जुने आहे. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या रचनेत ब्राउझर आणि ॲड-ऑन यांच्यामध्ये सीमाच नव्हती. ॲड-ऑनला खिडकीची मांडणी बदलता येई, आतली फंक्शने बदलून टाकता येत, ब्राउझरच्या पोटातल्या जवळजवळ कोणत्याही भागाला हात घालता येई. या मोकळिकीमुळेच फायरफॉक्सभोवती इतके समृद्ध जग उभे राहिले, आणि या मोकळिकीमुळेच पुढे ब्राउझरला स्वतःच्या आत काही बदलणे दुरापास्त झाले.

एखाद्या मूळ सॉफ्टवेअरभोवती प्लगइनचे (ॲड-ऑनसारख्या जोडभागांचे) लेखक, त्याच्यावर उभ्या राहिलेल्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), त्याचे वितरण करणारे गट, ते वापरणाऱ्या कंपन्या आणि सामान्य वापरकर्ते यांचे जे जाळे तयार होते, त्याला सॉफ्टवेअरची परिसंस्था म्हणतात. दुसऱ्यांचे काम ज्यावर उभे आहे अशी लायब्ररी, फ्रेमवर्क किंवा कंपनीअंतर्गत प्लॅटफॉर्म जे सांभाळतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे असे की परिसंस्थेचे आरोग्य प्रामुख्याने रचनेतील सीमांवर ठरते. दोन शेतांमधला बांध जसा दोन कुटुंबांमधला व्यवहार ठरवतो, तसाच सॉफ्टवेअरमधला इंटरफेस (दोन भागांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली जागा) एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांमधला व्यवहार ठरवतो. बांध स्पष्ट नसेल तर तो दोन्ही बाजूंनी कोरला जातो, आणि त्याचा हिशेब कधीतरी एकदम चुकता करावा लागतो.

आधी आरोग्याची व्याख्या ठरवा

मार्को इआन्सिती आणि रॉय लेव्हिन यांनी २००४ मध्ये उद्योगांच्या परिसंस्थांसाठी तीन कसोट्या मांडल्या होत्या: उत्पादकता, धक्के सोसण्याची क्षमता आणि नव्या प्रकारच्या कामांना जागा मिळणे. सॉफ्टवेअरला त्या चांगल्या लागू पडतात, मात्र आपल्या प्रकल्पापुरते त्यांचे साध्या प्रश्नांत रूपांतर करून घ्यावे. नव्याने आलेल्या व्यक्तीला पहिले चालणारे प्लगइन लिहायला किती दिवस लागतात? आपण नवी आवृत्ती काढली की भोवतालची किती कामे बंद पडतात, आणि ती पुन्हा उभी राहायला किती काळ जातो? आपण कल्पनाही केली नव्हती अशा कामासाठी आपले सॉफ्टवेअर कोणी वापरत आहे का? डाउनलोडची संख्या आणि मिळालेले तारे यांतून या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, म्हणून पहिल्या तपासणीत ते बाजूला ठेवावेत.

पायरी १: दोन्ही दिशांचा नकाशा काढा

आपण कोणावर अवलंबून आहोत ही बाजू सोपी आहे. एनपीएम, मेव्हन, कार्गो, गो यांसारख्या, बाहेरचा कोड पॅकेजच्या रूपात आणून जोडणाऱ्या सर्व साधनांकडे अवलंबनांचे संपूर्ण झाड छापून दाखवणारा आदेश असतो. ते झाड एकदा कागदावर घ्यावे आणि थेट निवडलेली पॅकेजे व त्यांच्यामागून आपोआप आलेली पॅकेजे वेगवेगळ्या रंगांनी दाखवावीत. दुसऱ्या रंगाचा पसारा पाहून बहुतेक संघांना धक्का बसतो.

आपल्यावर कोण अवलंबून आहे, ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आणि जास्त कष्टाची आहे. सार्वजनिक पॅकेज-भांडारे अवलंबितांची यादी देतात. प्लगइनची यादी आपल्याकडे असते. कंपनीअंतर्गत प्लॅटफॉर्म असेल तर सर्व संघांच्या कोडमध्ये आपल्या मॉड्यूलचे (कोडच्या स्वतंत्र भागाचे) नाव शोधता येते. सगळे तपासण्याचा अट्टहास करू नये. सर्वाधिक वापरली जाणारी ५० कामे घ्यावीत आणि त्यांच्या जोडीला चिठ्ठ्या टाकून निवडलेली २० लहान कामे घ्यावीत. लहान कामे टाळू नयेत, कारण मोठ्या प्लगइनचे लेखक आपल्याशी बोलत असतात, त्यांना आडवाटा ठाऊक असतात. नवख्याला भिंत कुठे लागते हे लहान कामांतच दिसते. प्रत्येक कामासमोर ते आपले कोणते फंक्शन, कोणता इव्हेंट (काही घडल्याची सूचना), कोणती फाईल किंवा डेटाबेसमधला कोणता तक्ता वापरते, ते कोण सांभाळते आणि त्याला शेवटचा हात कधी लागला, एवढे नोंदवावे.

पायरी २: जाहीर सीमा आणि खरी सीमा यांतील अंतर मोजा

गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखले जाणारे एक निरीक्षण आहे: वापरणारे पुरेसे झाले की करारात काय लिहिले आहे याला अर्थ राहत नाही, सॉफ्टवेअरच्या दिसणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कोणी ना कोणी विसंबून असतोच. चुकीच्या संदेशाचे शब्द, यादीतील घटकांचा क्रम, लॉगच्या ओळीतील स्वल्पविरामाची जागा, आतल्या तक्त्यातील स्तंभाचे नाव, हे सर्व कालांतराने न दिलेले वचन बनते.

म्हणून पहिल्या पायरीतील प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एक खूण करावी: वचन दिलेला मार्ग, वचन न दिलेला पण निरुपद्रवी मार्ग, आणि वचन न दिलेला व थेट आतल्या अवयवाला भिडणारा मार्ग. तिसऱ्या खुणा थोड्या असतील तर ते त्या त्या लेखकाशी बोलून सोडवता येते. त्या मोठ्या प्रमाणात असतील, तर दोष लेखकांना देऊ नये. दार नव्हते म्हणून त्यांनी भिंतीतून वाट काढली, आणि दार न ठेवण्याचा निर्णय आपला होता.

फायरफॉक्सच्या इतिहासात हे अंतर दोनदा उघडे पडले आणि दोन्ही वेळा वेगवेगळा धडा मिळाला. जून २०११ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याची पद्धत सुरू झाली. आपण कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतो हे त्या काळी प्रत्येक ॲड-ऑनला जाहीर करावे लागे, त्यामुळे प्रत्यक्षात व्यवस्थित चालू शकणारी ॲड-ऑन्सही दर सहा आठवड्यांनी 'विसंगत' ठरू लागली. जानेवारी २०१२ मधील दहाव्या आवृत्तीत हा नियम उलटा करून ॲड-ऑन्स मुळातच सुसंगत मानली जाऊ लागली. पण दुरुस्ती झाली ती लेबलची. आतली गुंतागुंत होती तशीच राहिली. ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये (संगणकावर एकमेकांपासून वेगळ्या चालणाऱ्या कामांत) विभागण्याचे काम पुढे आले तेव्हा ती पुन्हा वर आली, कारण सगळे काही एकाच प्रोसेसमध्ये आणि हाताच्या अंतरावर आहे असे जुनी ॲड-ऑन्स गृहीत धरत होती. ऑगस्ट २०१६ मधील ४८व्या आवृत्तीत ही सुधारणा आली, तेव्हा ती आधी ॲड-ऑन्स न वापरणाऱ्यांना देण्यात आली. ज्यांनी परिसंस्थेवर सर्वाधिक विश्वास टाकला त्यांनाच वेग आणि सुरक्षितता सर्वांत उशिरा मिळाली. आपल्या प्रकल्पातही हेच लक्षण शोधावे: जास्त प्लगइन वापरणारे ग्राहक जुन्या आवृत्तीवर अडकून पडले आहेत का? असतील, तर आजार सीमेवर आहे.

पायरी ३: बांध अरुंद करा, पण आधी दार बसवा

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सांगितले होते की मॉड्यूल पाडताना कामाच्या क्रमाकडे पाहू नये. पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवावा. परिसंस्थेच्या संदर्भात याचा अर्थ असा की जे आपल्याला उद्या बदलावेसे वाटेल ते आज बाहेर दिसता कामा नये.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हे फार निश्चयाने केले आहे. सामान्य प्रोग्रॅम ज्या सिस्टिम कॉलमधून कर्नलशी बोलतात त्या मोडायच्या नाहीत, हा तिथला कठोर नियम आहे. उलट कर्नलच्या आतल्या इंटरफेसबद्दल कोणतेही वचन दिले जात नाही, आणि ते का दिले जात नाही हे कर्नलच्याच दस्तऐवजांत लिहून ठेवले आहे. परिणामी जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालत राहतात, आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारा कोड) लिहिणाऱ्यांना आपला कोड मुख्य कर्नलमध्ये आणून सर्वांसोबत सांभाळणे सोयीचे पडते. एकाच प्रकल्पात एक सीमा अत्यंत स्थिर आणि दुसरी मुद्दाम अस्थिर आहे, आणि कोणती कोणती हे सर्वांना माहीत आहे. ही स्पष्टता माझ्या मते स्थैर्याइतकीच मोलाची आहे.

कामाची पद्धत अशी ठेवावी. तिसरी खूण असलेल्या नोंदी एकत्र घ्याव्यात आणि त्या कोडप्रमाणे न लावता हेतूप्रमाणे लावाव्यात: या लेखकाला खरे तर काय साधायचे होते? आतला तक्ता थेट वाचणारी बारा प्लगइन असतील आणि त्यांपैकी नऊ जणांना फक्त 'व्यवहार पूर्ण झाला' ही सूचना हवी असेल, तर हवा आहे एक इव्हेंट. तो इव्हेंट आधी द्यावा, त्यावर दोन-तीन लेखकांचे काम प्रत्यक्ष चालवून पाहावे, आणि मगच तक्ता बंद करण्याची भाषा करावी. फायरफॉक्स ५७ आला तेव्हा अनेक लेखकांची तक्रार हीच होती की जुने मार्ग बंद झाले, पण त्यांच्या कामाला लागणारे नवे मार्ग अजून तयार नव्हते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने या बाबतीत जास्त सबुरी दाखवली. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ मध्ये मॉड्यूल आले, तेव्हा आतल्या वर्गांना हात लावणाऱ्या जुन्या कोडला आधी फक्त इशारा मिळत असे. असा प्रवेश मुळातच नाकारण्याची पद्धत २०२१ मध्ये जावा १६ मध्ये आली. शिवाय 'अनसेफ' हा आतला वर्ग असंख्य लायब्रऱ्या वापरतात आणि त्याला पूर्ण पर्याय नाही हे मान्य करून तो तेव्हा एका वेगळ्या, 'असमर्थित' असे नाव दिलेल्या मॉड्यूलमध्ये उघडा ठेवला गेला.

प्रत्येक दाराबद्दल काय आत येते, काय बाहेर जाते, कोणत्या चुका संभवतात, क्रमाची हमी आहे की नाही, कोणती परवानगी लागते आणि हे कोणत्या आवृत्तीपासून आहे, एवढे लिहावे. ज्याची हमी नाही ते शक्य असेल तर हलवत राहावे. गो भाषेत मॅपमधील (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या संचातील) घटक फिरून वाचताना त्यांचा क्रम मुद्दाम अनिश्चित ठेवला आहे, म्हणजे त्या क्रमावर कोणाचा प्रोग्रॅम विसंबूच शकणार नाही.

इथे एक सावधगिरी हवी. बांध इतका अरुंद करू नये की नव्या कल्पनांना जागाच उरणार नाही. जुन्या फायरफॉक्समधली कितीतरी उत्तम ॲड-ऑन्स कोणी आधी दार आखून दिले म्हणून जन्मली नव्हती. म्हणून 'प्रायोगिक' असे नाव असलेला एक मार्ग ठेवावा, त्याला वचन नाही हे त्याच्या नावातच दिसावे, आणि ठरावीक काळाने तो पक्का करायचा की काढायचा हे ठरवावे. प्रायोगिक म्हणून पाच-पाच वर्षे पडून राहिलेला मार्ग हे न दिलेले वचनच असते.

पायरी ४: वेगवेगळ्या गतीने बदलणारे भाग वेगळे करा

याचे आपल्या जवळचे चांगले उदाहरण म्हणजे मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने उभे केलेले ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे व्यवहार सांभाळणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. त्याखालच्या फ्रॅपे फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र असते आणि 'हुक्स' नावाच्या एका फाईलमध्ये आपल्याला कोणत्या घटनांवर काय करायचे आहे ते जाहीर करते. तरीही अनेक वर्षे हिशेब, साठा, मनुष्यबळ, पगार आणि भारतातील करनियम हे सर्व एकाच ईआरपीनेक्स्टमध्ये राहत होते.

आता करनियमांची गती पाहा. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना बंधनकारक झाले, १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा १०० कोटींवर आली, १ एप्रिल २०२१ पासून ५० कोटी, १ एप्रिल २०२२ पासून २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. हे घड्याळ सरकारचे आहे. साठ्याचा हिशेब ठेवण्याचा गाभा इतक्या वेगाने बदलत नाही आणि बदलूही नये. दोन्ही एकाच पेटीत असतील तर कराच्या तातडीच्या बदलासाठी गाभ्याची नवी आवृत्ती घ्यावी लागते, आणि ज्यांचा भारतातील कराशी काही संबंध नाही अशा दूरदेशीच्या वापरकर्त्यांनाही तो कोड वाहावा लागतो. २०२२ मधील १४व्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगार हा भाग वेगळ्या ॲपमध्ये गेला आणि भारताचे करनियम 'इंडिया कम्प्लायन्स' या स्वतंत्र ॲपकडे गेले.

आपल्या प्रकल्पासाठी हे करताना मागील दोन वर्षांची बदलांची नोंद काढावी आणि प्रत्येक फोल्डर किती वेळा व कोणाच्या मागणीवरून बदलला ते पाहावे. बाहेरच्या कायद्यामुळे, बाहेरच्या सेवेमुळे किंवा एखाद्या यंत्रामुळे बदलणारा भाग गाभ्यात सापडला, तर तो विभक्त होण्याचा पहिला उमेदवार आहे. अँड्रॉइडने २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीसोबत आणलेला 'प्रोजेक्ट ट्रेबल' याच विचाराचा आहे: चिप बनवणाऱ्यांचा कोड आणि अँड्रॉइडचा मुख्य भाग यांच्यामध्ये स्थिर सीमा आखली, जेणेकरून फोनला नवे अँड्रॉइड देण्यासाठी चिपवाल्यांच्या कोडची वाट पाहावी लागू नये.

पायरी ५: मोठा बदल करायचाच असेल तर त्याचा रस्ता आधी आखा

बदल न करणे हाही एक आजार आहे, त्यामुळे कधी ना कधी सुसंगती मोडावी लागते. ती कशी मोडावी हे शिकण्यासाठी पायथॉन आणि रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषांची तुलना करण्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

पायथॉन ३.० हे ३ डिसेंबर २००८ रोजी आले. त्यातील बदल, विशेषतः मजकूर आणि बाइट्स वेगळे करण्याचा निर्णय, योग्यच होता. देवनागरीत काम करणाऱ्या कोणालाही ते सहज पटेल. अडचण रचनेची होती. एकाच चालू प्रोग्रॅममध्ये पायथॉन २ आणि पायथॉन ३ यांचे मॉड्यूल एकत्र राहू शकत नव्हते. म्हणजे एखाद्या कंपनीला स्थलांतर करायचे तर तिच्या सर्व लायब्रऱ्या आधी तयार हव्यात, त्या लायब्रऱ्यांच्या खालच्या लायब्रऱ्या त्याहून आधी, आणि तळाच्या लेखकाला घाई करण्याचे काहीच कारण नाही, कारण त्याचे वापरकर्ते अजून जुन्यावरच आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत थांबला. सुरुवातीची कल्पना अशी होती की एक साधन जुना कोड नव्यात बदलून देईल. प्रत्यक्षात उपयोगी पडली ती वेगळी वाट: 'सिक्स'सारख्या लायब्ररीच्या मदतीने एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालवणे. ही वाट सोपी व्हावी म्हणून काढून टाकलेली 'यू' अक्षराने सुरू होणारी मजकुराची जुनी लेखनपद्धत सप्टेंबर २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत परत आणली गेली. पायथॉन २ ची मुदत २०१५ ची होती. २०१४ मध्ये ती वाढवून २०२० केली गेली आणि १ जानेवारी २०२० रोजी ती संपली. पहिल्या दिवसापासून मोजले तर ही ११ वर्षे होतात.

मे २०१५ मध्ये १.० झालेल्या रस्टने तोच प्रश्न 'एडिशन' या कल्पनेने सोडवला. २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशी एडिशन्स झाली आणि पहिलीनंतरच्या प्रत्येकीत भाषेच्या लेखननियमांत असे बदल झाले जे जुना कोड मोडू शकले असते. उदाहरणार्थ, 'असिंक' हा शब्द २०१८ च्या एडिशनमध्ये राखीव झाला. पण कोणती एडिशन वापरायची हे प्रत्येक पॅकेज स्वतः ठरवते, आणि वेगवेगळ्या एडिशनमधली पॅकेजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र जोडता येतात, कारण पृष्ठभागावरचे फरक कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत एकाच रूपात मिटतात. त्यामुळे तळाच्या लेखकाने काही केले नाही तरी वरचा लेखक पुढे जाऊ शकतो. कोणी कोणासाठी थांबत नाही.

यातून स्वतःसाठी काढायची कसोटी एकच आहे: जुने आणि नवे एकाच चालू प्रणालीत शेजारी राहू शकतात का, आणि प्रत्येक अवलंबित कोणत्याही क्रमाने एकटा पुढे जाऊ शकतो का? उत्तर नाही असेल, तर नव्या आवृत्तीची घोषणा थांबवावी आणि आधी मधला पूल बांधावा. नवा मार्ग जुन्या मार्गाशेजारी उघडावा. जुन्या मार्गाच्या इशाऱ्यात 'हे बंद होणार' एवढेच न लिहिता पर्यायाचे नेमके नाव लिहावे. जिथे बदल यांत्रिक आहे तिथे तो आपोआप करून देणारे साधन द्यावे. आणि जुना मार्ग किती जण वापरतात हे मोजत राहून मगच तो काढावा. आवृत्तीच्या क्रमांकातला पहिला आकडा वाढवणे हा निव्वळ सूचनाफलक आहे, पूल नव्हे. गोच्या मॉड्यूल-पद्धतीत दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून तो आकडा पॅकेजच्या मार्गातच लिहावा लागतो, त्यामुळे दोन मोठ्या आवृत्त्या एका प्रोग्रॅममध्ये एकत्र नांदू शकतात. तिथे तोच आकडा पूल होतो.

पायरी ६: खालून येणारा भार तपासा

२२ मार्च २०१६ रोजी एनपीएमवरील 'लेफ्ट-पॅड' हे, मजकुराच्या डावीकडे जागा भरून तो ठरावीक लांबीचा करणारे, अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरातील जावास्क्रिप्ट प्रकल्पांची बांधणी थांबली. काही तासांत ते परत ठेवले गेले आणि त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले. पण अकरा ओळींसाठी पॅकेज का लागावे, याचे उत्तर रचनेत आहे: तेव्हाच्या जावास्क्रिप्टच्या प्रमाणित संचात ही साधी सोय नव्हती आणि नवे पॅकेज जोडणे अत्यंत स्वस्त होते. २०१७ च्या प्रमाणकात ती सोय भाषेतच आली. गाभ्यात काय नसावे याइतकाच गाभ्यात काय असावे हाही आरोग्याचा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉग-फोर-जे या, प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीतील त्रुटी वेगळ्या जातीची होती. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात विशिष्ट शब्द आले तर बाहेरच्या सर्व्हरवरून काहीतरी आणण्याची सोय २०१३ मध्ये घातली गेली होती. ती थोड्यांना हवी होती, पण मुळातच चालू असल्याने सर्वांच्या घरात होती, आणि अनेकांना आपल्या घरात ही लायब्ररी आहे हेच माहीत नव्हते.

या सर्वांत रचनेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे प्रकरण मात्र २९ मार्च २०२४ चे आहे. त्या दिवशी सॉफ्टवेअर अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केले की एक्सझेड या संकोचनाच्या (फाईलचा आकार लहान करण्याच्या) संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तिथवर पोहोचले होते. लक्ष्य होते दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करू देणारे ओपनएसएसएच. पण ओपनएसएसएचला या संकोचनाच्या लायब्ररीची गरजच नाही. काही लिनक्स वितरणांनी, सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडीला (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीला) देता यावी म्हणून, ओपनएसएसएचला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीला अगदी दुसऱ्या कामासाठी संकोचनाची लायब्ररी लागत होती. आणि अशा रीतीने एका सॉकेटवर छोटासा संदेश लिहिण्याच्या सोयीमागून अनोळखी कोड जगातील सर्वांत संवेदनशील प्रोसेसमध्ये जाऊन बसला. जुलै २०२४ मधील ९.८ या आवृत्तीत ओपनएसएसएचने ती वर्दी कोणत्याही लायब्ररीविना स्वतः लिहिली, आणि सिस्टिमडीच्या २५६व्या आवृत्तीपासून संकोचनाच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडल्या जाऊ लागल्या.

आपल्या झाडावर याच नजरेने काम करावे. सर्वांत जास्त अधिकार असलेल्या प्रोसेसपासून सुरुवात करून तिच्यात येणाऱ्या प्रत्येक पॅकेजसमोर 'याचे नेमके कोणते फंक्शन आपण वापरतो' हे लिहावे. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, किंवा वीस ओळींत स्वतः लिहिता येईल असेच लिहिले जाते, ते काढण्याच्या यादीत जाते. मोठ्या लायब्ररीचे तुकडे करता येत असतील तर क्वचित लागणारा तुकडा मुळात बंद ठेवावा. आणि प्रसिद्ध केलेली संकलित फाईल सार्वजनिक कोडपासूनच बनलेली आहे ना, हे पडताळता आले पाहिजे. एक्सझेडमध्ये चोरदरवाजा चालू करणारी बांधणीची फाईल सार्वजनिक भांडारात नव्हती, ती फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होती.

पायरी ७: शेजाऱ्यांच्या चाचण्या आपल्या दारात चालवा

रस्टचा संघ 'क्रेटर' नावाचे साधन वापरून नवा कंपायलर सार्वजनिक भांडारातील पॅकेजांवर चालवून पाहतो आणि काय मोडले ते प्रसिद्धीपूर्वीच जाणून घेतो. आपल्याला एवढा पसारा लागणार नाही. पहिल्या पायरीत निवडलेल्या ७० कामांच्या चाचण्या आठवड्यातून एकदा आपल्या अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीवर चालवाव्यात, आणि मोडलेल्या प्रत्येक कामाबद्दल चूक कोणाची हे ठरवण्याआधी त्याच्या लेखकाला कळवावे.

पायरी ८: रचनेच्या बाजूला माणसांची रचना मांडा

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये लिहिले होते की संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांच्यावर त्या संस्थेतील संवादाच्या वाटांचा ठसा उमटतो. म्हणून मॉड्यूलच्या नकाशावर प्रत्येक चौकोनात तो समजणाऱ्या आणि त्यातला बदल मंजूर करू शकणाऱ्या व्यक्तींची संख्या लिहावी. जिथे 'एक' लिहिले जाते आणि ज्याच्यावर बाहेरचे पुष्कळ जण अवलंबून आहेत, तो चौकोन सर्वांत आजारी आहे, मग त्यातला कोड कितीही नेटका असो. एक्सझेड मुख्यतः एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होते; त्याच्यावर अनोळखी खात्यांवरून घाईचा दबाव आणला गेला आणि मदतनीस म्हणून पुढे आलेल्या व्यक्तीनेच घात केला. त्या माणसाला दोष देणे अन्यायाचे आहे. प्रश्न असा विचारावा की इतक्या घरांचे पाणी ज्या विहिरीतून जाते, तिथे रहाटावर दुसरा माणूस का नव्हता. व्यवहारात, अशा चौकोनाचे एक तर तुकडे करावेत, म्हणजे नव्या माणसाला एक तुकडा पूर्ण समजू शकेल, किंवा जी कंपनी त्यावर पैसे कमावते तिने एका अभियंत्याचे ठरावीक तास त्याला द्यावेत.

पायरी ९: तिमाही नोंदवही ठेवा

एका पानाची नोंदवही पुरते. तिच्यात पुढील बाबी दर तिमाहीला लिहाव्यात: आतल्या अवयवाला भिडणाऱ्या नोंदी किती उरल्या; शेवटच्या आवृत्तीनंतर निवडलेल्या कामांपैकी किती मोडली आणि निम्मी पुन्हा चालायला किती दिवस लागले; सर्वांत अधिकारवान प्रोसेसमध्ये किती पॅकेजे आहेत; एकच जाणकार असलेले चौकोन किती; आणि या तिमाहीत पहिल्यांदाच काही प्रसिद्ध करणारे नवे लेखक किती आले. आकडे इतर प्रकल्पांशी ताडून पाहू नयेत, आपल्याच मागच्या पानाशी ताडावेत.

पहिल्या तिमाहीत सगळ्या पायऱ्या करायला जाऊ नये. नकाशा आणि तीन खुणा एवढेच करावे, त्यातून सर्वाधिक कोरला गेलेला एक बांध निवडावा आणि तिथे एक दार बसवावे. ते दार वापरून पहिल्या बाहेरच्या लेखकाने आपला भिंतीतला रस्ता स्वतःहून बुजवला, की नोंदवहीत त्याची तारीख लिहावी आणि दुसऱ्या बांधाकडे वळावे.